पंपामागच्या डबक्यात बेडकाला धरलेला तो किडा

जूनच्या शेवटी पहिला दणकून पाऊस झाला आणि त्याच रात्री शिंदखेड्याकडच्या भाच्याचा व्हिडिओ आला. पेट्रोल पंपामागे साचलेलं गुडघाभरही नसलेलं डबकं, वर हॅलोजनचा पांढराफटक उजेड, आणि पाण्यात एक बेडूक. बेडकाच्या मानेला तपकिरी रंगाचा, चपटा, बोटाएवढा किडा मिठी मारून बसलेला. बेडूक दोनदा पाय झाडतो, मग झाडत नाही. खाली भाच्याचा प्रश्न: "मामा, हाऊ किडा बेडूकले खाई राहिना. काय शे हाऊ?"

सकाळपर्यंत घरच्या ग्रुपवर उत्तरांचा पाऊस पडला होता. एक म्हणाला चायनाचा किडा आहे. दुसऱ्याच्या मते तो गुजरातहून केमिकलच्या टँकरला चिकटून आला. तिसऱ्याने "चावला तर माणूस वाचत नाही, पुढे पाठवा" असं लिहून तो आणखी चार गावांना पाठवला. आमच्या आत्याने कलियुगावर विषय संपवला. फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं हे प्रकरण नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

## आधी ओळख करून घेऊ

हा मोठा पाणढेकूण. शास्त्रीय नाव लेथोसेरस इंडिकस. नावातच 'इंडिकस' आहे, तेव्हा चायनाची शंका इथेच मिटावी. खाटेतल्या ढेकणाचा हा लांबचा भाऊबंद. दोघांनाही चावायला दात-जबडे नाहीत, भोसकून ओढून घ्यायला सोंड आहे. पूर्ण वाढलेला किडा साडेसहा ते आठ सेंटीमीटरचा, म्हणजे काडेपेटीहून लांब. पुढचे दोन पाय विळ्यासारखे वाकलेले, मागचे वल्ह्यासारखे चपटे. शेपटाकडे आखूड नळी असते. ती पाण्याबाहेर काढून तो श्वास घेतो आणि डोकं खाली करून गवताच्या काडीला निश्चल लटकून राहतो. रंग कुजलेल्या पानाचा, त्यामुळे दिसतही नाही.

समोरून मासा, बेडकाचं पिल्लू किंवा आख्खा बेडूक गेला की विळे मिटतात. मग सोंड आत जाते आणि सोंडेतून लाळ. या लाळेने भक्ष्य लुळं पडतं आणि त्याचं मांस आतल्या आत विरघळायला लागतं. आखाजीला आपण गावरान आंबा कसा खातो ते आठवा. आधी बोटांनी दाबून दाबून आत रस करायचा, मग देठाकडून चोखायचा. शेवटी हातात साल आणि कोय. पाणढेकूण बेडकाचं तेच करतो, फक्त दाबण्याचं काम लाळ करते. त्याचं जेवण झालं की कातड्याची रिकामी पिशवी आणि हाडं तेवढी उरतात.

एवढं वाचून या किड्याबद्दल वाईट मत झालं असेल तर एक गोष्ट सांगून ठेवतो. अंडी सांभाळायचं काम यांच्यात बाप करतो. मादी पाण्याबाहेर काडीवर अंडी घालते आणि नर ती वाळू नयेत म्हणून ओली करत राखण करतो. याच कुळातल्या लहान पाणढेकणांमध्ये तर मादी अंडी थेट नराच्या पाठीवरच चिकटवते. शेततळ्याच्या कडेला पाठीवर दाण्यांची चळत घेऊन पोहणारा छोटा किडा पाहिलाय का? तो बाप.

## "पण बेडूकच किडे खातो ना?"

खरा गोंधळ इथे आहे. शाळेत आपण फळ्यावर काढलेली साखळी अशी होती: गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. बाण एकाच दिशेने जाणारे. म्हणून किड्याने बेडूक खाल्ला की नदी उलटी वाहिल्यासारखं वाटतं.

त्या चित्रात एक गोष्ट राहून गेली, ती म्हणजे तोंड. बेडकाला घास तोडून खाता येत नाही. जे आख्खं तोंडात मावेल तेच त्याचं अन्न. पहिल्या पावसानंतर कडुनिंबावर जमणारे हुमणीचे भुंगेरे मावतात, पतंग मावतात, मुंग्या मावतात. सोंडवाल्या किड्याला मात्र ही अटच नाही. भक्ष्य त्याच्याहून मोठं असलं तरी चालतं, कारण ते तोंडात घालायचंच नसतं. नळी आत गेली की झालं. जबड्याने कुरतडणाऱ्या किड्यांचंही तसंच. कर्नाटकात एका बागेतल्या टाकीजवळ बसून गप्पी मासे पकडून खाणारा खंडोबाचा किडा अभ्यासकांनी नोंदवला आहे, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मासा मोठा की किडा, हा प्रश्न त्याला पडला नाही.

दुसरी गोष्ट वय. आज किडा गिळणारा बेडूक महिन्यापूर्वी शेपूटवालं पिल्लू होता, आणि तेव्हा त्याच डबक्यातल्या किड्यांचं तो अन्न होता. बाण दोन्हीकडे जातो. कोणत्या दिवशी कोणाचं माप मोठं आहे, एवढाच फरक.

## डबक्यातलं बालपण

मोठ्या बेडकाला धरणारा पाणढेकूण दिसतो म्हणून त्याचा व्हिडिओ होतो. पिल्लांची कत्तल गढूळ पाण्याखाली चालते, तिचा व्हिडिओ कोणी काढत नाही. बेडकाची शेपूटवाली पिल्लं, ज्यांना पाठ्यपुस्तकात भैकेर म्हणतात, त्यांचे दोन मोठे वैरी आहेत.

एक म्हणजे चतुर. लहानपणी शेपटीला दोरा बांधून उडवलेला तोच. पंख फुटण्याआधी त्याचं बाळपण पाण्यात जातं. त्या बाळाचा खालचा ओठ जेसीबीच्या हातासारखा असतो. एरवी हनुवटीखाली घडी घालून ठेवलेला, टोकाला आकडे. पिल्लू टप्प्यात आलं की पापणी लवायच्या आत ओठ सुटतो आणि घास घेऊन परत घडी होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात कपाशीवर ढगासारखे फिरणारे पिवळसर चतुर आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेत. त्यांची पिल्लंही अशाच पावसाळी डबक्यांत झपाट्याने वाढतात. ऑक्टोबरपासून हेच चतुर समुद्रावरून मालदीव बेटांवर उतरू लागतात आणि पुढे आफ्रिकेकडे जातात, असा अभ्यासकांचा माग आहे. म्हणजे पांझरेकाठच्या बेडकांवर पोसलेला एखादा चतुर हिंदी महासागरावर उडत असणं अगदी शक्य आहे.

दुसरा वैरी पाणभुंग्याची अळी. तिचे जबडे विळ्यासारखे आणि आतून पोकळ. पाणढेकणाचीच युक्ती: आत पाचक रस सोडायचा, विरघळलेलं ओढून घ्यायचं.

पिल्लंही अगदी बिनडोक नसतात. पाण्यात शिकाऱ्याचा वास आणि खाल्ल्या गेलेल्या भावंडांचा वास विरघळलेला असतो. तो आला की पिल्लं हालचाल थांबवतात, कारण चतुराचं बाळ हलणाऱ्या वस्तूवर झडप घालतं. अमेरिकेतल्या काही झाडबेडकांची पिल्लं तर अशा पाण्यात वाढली की त्यांची शेपटी रुंद आणि भडक रंगाची होते. शिकारी डोक्याऐवजी शेपटीला धरतो, शेपटी फाटते, पिल्लू निसटतं. फाटलेली शेपटी भरून येते.

आणि भावंडं म्हणावीत तर तीही धड नाहीत. पावसात हळदीसारखा पिवळा होऊन ओरडणारा आपला मोठा बेडूक, त्याची पिल्लं मांसाहारी असतात. शेजारच्या जातीची पिल्लं खातात, अडचण आली तर स्वतःचीही.

## आवाजाच्या मागे येणारी चिलटं

आतापर्यंतचे सगळे शिकारी वाट पाहत बसणारे होते. आता जो येतो तो बेडकाचं गाणं ऐकून येतो, आणि मला या सगळ्या प्रकरणात तोच सगळ्यांत चक्रावणारा वाटतो.

कोरेथ्रेला नावाची एक चिलटं आहेत. तिळाएवढीही नसतात. यांच्या माद्या बेडकाचं रक्त पितात आणि बेडूक शोधतात तो कानाने. डास माणसाला श्वासातून निघणाऱ्या वायूवरून, अंगाच्या वासावरून आणि उबेवरून हेरतो. बेडूक थंड रक्ताचा, ओल्या अंगाचा, अंधारात बसलेला. पण तो ओरडतो. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात संशोधकांच्या ध्यानात आलं की टेपरेकॉर्डरवर बेडकाचा आवाज लावला तर ही चिलटं आपणहून येतात. बेडकाची गरजच नाही, आवाज पुरे. बेडकांच्या हाकेवर येणारे काही डासही पुढे सापडले.

लग्नात डीजे लागला की मंडप कुठे आहे हे गावाला विचारावं लागत नाही. वऱ्हाडी येतात आणि खिसेकापूही येतात. नर बेडूक ओरडतो तो मादीसाठी, पण हाक सगळ्यांनाच ऐकू जाते. पनामातल्या टुंगारा नावाच्या छोट्या बेडकावर याचा बारकाईने अभ्यास झाला. तो एक साधी लांब हाक देतो, आणि कधी कधी तिच्या शेवटी 'चक' असा तोडा जोडतो. माद्यांना तोडेवाली हाक जास्त आवडते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं की चिलटांनाही तीच जास्त आवडते. तिथल्या बेडूक खाणाऱ्या वटवाघळालाही. चांगलं गायचं तर रक्त द्यायचं, असा हिशोब. माद्या ओरडत नाहीत, त्यामुळे हा जाच प्रामुख्याने नरांच्या वाट्याला.

हे भांडण नवं नाही. या चिलटांच्या कुळातले कीटक दहा कोटी वर्षांहून जुन्या राळेत, झाडाच्या डिंकात अडकून दगड झालेले, सापडले आहेत. म्हणजे डायनासोर होते तेव्हापासून.

## गळ टाकून बसणारी अळी

एवढं सगळं डबक्याच्या आसपासचं. जमिनीवरचा एक किस्सा इस्रायलचा आहे आणि तो सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

एपोमिस नावाच्या भुंगेऱ्याची अळी फक्त उभयचर खाते. उभयचर म्हणजे पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे राहणारे बेडूक, भेक वगैरे. (भेक म्हणजे खरबरीत कातडीचा, पावसाळ्यात घरात शिरून बाथरूममध्ये ठाण मांडणारा तो.) ही अळी बेडकापुढे बसून मिशा आणि जबडे हलवते. बेडकाला वाटतं समोर घास वळवळतोय. तो जवळ येतो, जीभ सोडतो, अळी अंग चोरून ती चुकवते आणि त्याच क्षणी त्याला चिकटते. मग सुटत नाही. गिल विझेन आणि अविताल गासिथ यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अशा चारशेच्या आसपास गाठी पडल्या. अळी बेडकाच्या जिभेला लागली ती मोजक्या वेळा, आणि तेव्हाही बेडकाने तिला थुंकून टाकलं. एका भेकाने तर अळी गिळली. दोन तासांनी ओकली. ओकलेली अळी जिवंत होती आणि तिने त्याच भेकाला खाल्लं.

गिळल्यावरही हार न मानणारे आणखी आहेत. जपानच्या शिंजी सुगिउरा यांनी २०२० मध्ये दाखवलं की रेजिम्बार्टिया नावाचा चार-पाच मिलिमीटरचा पाणभुंगा बेडकाने गिळला तर आतड्यातून चालत जाऊन मागच्या दाराने जिवंत बाहेर पडतो. त्यांच्या प्रयोगात नव्वद टक्के भुंगे सहा तासांच्या आत असे सुटले. हा बेडकाला काही इजा करत नाही, तेव्हा लेखात त्याची जागा नाही. पण सांगितल्यावाचून राहवेना.

युरोपातली एक हिरवी माशी भेकाच्या अंगावर अंडी घालते, अळ्या नाकपुडीतून शिरून चेहरा आतून खातात आणि भेक मरतो. ऑस्ट्रेलियात १९३५ मध्ये माणसाने नेऊन सोडलेल्या विषारी भेकांची इवली पिल्लं तिथले मुंगळे भरदुपारी तळ्याकाठी पकडून नेतात. तिथले मूळचे बेडूक मुंगळा दिसला की उडी मारतात. या पाहुण्यांना त्या मुंगळ्यांची सवय नाही, ते नुसते बसून राहतात.

## "असं असेल तर बेडूक संपून जातील की"

कपाशीला पाती किती लागतात आणि बोंडं किती धरतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. पातेगळ धरूनच झाड पाती लावतं. बेडकाचा हिशोब तोच. मोठ्या बेडकाची किंवा भेकाची मादी अंडी हजारांनी घालते. त्यातली सगळी जगली तर दोन पावसाळ्यांत गावात पाय ठेवायला जागा उरणार नाही. एका जोडीमागे दोन वाढली तरी संख्या टिकते. बाकीची चतुर, पाणभुंगे, ढेकूण, बगळे यांच्या वाट्याची.

बेडकांना खरा तडाखा दिला तो माणसाने. बेडकाच्या तंगड्यांची परदेशात निर्यात होत असे, भारताने ती १९८७ मध्ये बंद केली. पाणढेकणाला तेवढी भूक कधीच नव्हती.

## "डबक्यात औषध मारून टाकलं तर?"

हा प्रश्न ग्रुपवर दोघांनी विचारला, आणि त्याचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर कीटकनाशकाने आधी मरतात ते कीटकच. अमेरिकेतल्या रिक रेलिया यांच्या टाक्यांमधल्या प्रयोगांत मॅलॅथिऑन टाकल्यावर शिकारी किडे मेले आणि बेडकाची पिल्लं उलट जास्त वाचली. इथे थांबलं तर औषध बरं वाटेल.

पण त्यांनीच पुढे पाहिलं. २००८ च्या प्रयोगात दर आठवड्याला थोडं थोडं औषध पडत राहिलं, आपल्याकडे शेतातून नाल्यात उतरतं तसं. पिल्लं त्याने थेट मेली नाहीत. मेले ते पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे शेवाळखाऊ जीव. ते गेल्यावर पाण्यात तरंगणारं शेवाळ माजलं, पाणी हिरवंगार झालं, उजेड तळाशी पोचेना. तळाच्या बुळबुळीत थरावर पिल्लं चरतात, तो थर वाढेना. चारा कमी, म्हणून वाढ मंद. आणि पाणी आटेपर्यंत एका जातीच्या बऱ्याच पिल्लांना पाय फुटून बाहेर पडणं जमलंच नाही. लवकर वाढणारी दुसरी जात मात्र निभावली.

खान्देशात हे फार जवळचं आहे. आमच्याकडे पाऊस दोन आठवडे दडी मारतो, डबक्याचं चिखल-चिखलाचं ढेकूळ होतं. पिल्लासाठी प्रत्येक दिवस मोजका. त्यात रेलियांचा आणखी एक, २००१ चा प्रयोग असा की पाण्यात शिकाऱ्याचा वास असेल तर कार्बारिल हे कीटकनाशक पिल्लांना कितीतरी जास्त मारक ठरतं. भेदरलेल्या जिवाला विष लवकर लागतं.

शिवाय छोटे पाणढेकूण डासांच्या अळ्या खातात. डबक्यातले शिकारी मारून आपण डासांनाच जागा करून देतो.

## "माणसाला चावला तर?"

चावतो, आणि कळ डोळ्यांत पाणी आणते. पाण्यात पाय सोडून बसलेल्याच्या अंगठ्याला धरल्याच्या गोष्टी जगभर आहेत. पण माणूस त्याने मरत नाही. जागा साबणाने धुवायची, सूज वाढली तर डॉक्टरला दाखवायचं. मुठीत धरायचा नाही, एवढी अक्कल पुरे. मणिपूरमध्ये लोक हा किडा आवडीने खातात, थायलंडमध्ये त्याच्या वासासाठी चटणीत घालतात. हे ग्रुपवर टाकल्यावर आत्याने मला दोन दिवस उत्तर दिलं नाही.

बेडकाचं रक्त पिणाऱ्या चिलटांची भीतीही नको. ती बेडकांचीच गिऱ्हाइकं. डेंगी पसरवणारा डास वेगळा, तो आपल्या कूलरमधल्या पाण्यात वाढतो.

## मग तो पंपावर काय करत होता?

पाणढेकणाला पंख असतात आणि तो रात्री एका पाण्यातून दुसऱ्या पाण्याकडे उडतो. दिव्याकडे खेचला जातो, म्हणूनच हुमणीसाठी लावलेल्या प्रकाश सापळ्यातही कधी सापडतो. हॅलोजनखाली पतंग जमतात, पतंगांमागे बेडूक येतो. ढेकूणही दिव्यालाच भुलून येतो आणि खाली पाणी दिसलं की त्यात उतरतो. एरवी दोघांची गाठ नाल्याच्या गवतात, अंधारात पडली असती. दिव्याने ती कॅमेऱ्यासमोर पाडली.

भाच्याने तो किडा सुपडीवर घेऊन मागच्या नाल्यात सोडला. दुसऱ्या रात्री पुन्हा व्हिडिओ आला. तेच डबकं, आता दहा-बारा बेडूक गळे फुगवून ओरडताहेत, आवाजाने मोबाइल फाटतोय. खाली लिहिलं होतं: "मामा, यासले भेव नही वाटस का?"

मी लिहिलं, वाटत असेल. पण ते डबकं महिनाभरच टिकणार आहे.